काडी लावणारे आणि कुमुद वाघचौरे

कुमुद वाघचौरे मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाशिकच्या डॉक्टर मंडळींत तिचं नाव निघालं की सगळ्यांचे आवाज एकदम मऊ होतात, "काय बाई होती" सुरू होतं, आणि मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "तुमची तर खास मैत्रीण." मी मान हलवते. माणूस गेल्यावर मान हलवण्यावाचून दुसरं काय करणार. पण मैत्रीण बित्रीण काही नव्हती. गंगापूर रोडला एकाच मजल्यावर समोरासमोर आमचे दवाखाने होते, मधे एक अरुंद पॅसेज, पॅसेजमध्ये बाक. त्या बाकावरचे पेशंट कुणाच्या दाराकडे तोंड करून बसलेत, हे मी येता-जाता बघायचे.

मी कान-नाक-घशाची सर्जन. ती मेडिसिनची, पण ॲलर्जीच्या मागे लागलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती समोर आली तेव्हा मला वाटलं, बरं झालं, दमेकरी तिकडे जातील आणि सर्दीवाले बिनबोभाट माझ्याकडे येतील. झालं उलटंच. वर्षभरात बाकावरची निम्मी नाकं तिच्या दाराकडे वळली.

बरं, दिसायला म्हणाल तर काही नाही. ठेंगणी, सावळी, चुरगळलेली सुती साडी, एवढासा अंबाडा. दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. बोलताना मधेच एखादा 'लय' नाहीतर 'नाय' निसटायचा आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला पेशंट 'मॅडम' म्हणायचे, तिला पहिल्या दिवसापासून 'ताई'. निफाडची म्हातारी, आयुष्यात पहिल्यांदा हिला बघतेय, तीही आत शिरता शिरता "ताई, लय शिंका येत्यात वो" म्हणून गाऱ्हाणं सुरू करायची. मी एकदा एका पेशंटला हसत हसत म्हटलंसुद्धा, "अहो, मलाही ताई म्हटलं तरी चालेल." तो म्हणाला, "हो मॅडम."

तिची पेशंट तपासायची रीत बघून माझा जीव वर-खाली व्हायचा. माझं काम कसं, आ करा, मान वर करा, दिवा, आरसा, चिठ्ठी, पुढचा. ही नुसती ऐकत बसायची. पेशंटचं सांगून झालं की म्हणायची, "बरं, आणि?" तो आणखी काहीतरी आठवून सांगायचा. पुन्हा, "बरं, आणि?" मग कुठे ती नवी गोधडी बाहेर यायची, नाहीतर माळ्यावर घर केलेली कबुतरं, नाहीतर सुनेनं लावलेली उदबत्ती. शिंका येतात एवढं तिला पुरतच नसे. "येतात हे कळलं. किती येतात? झोप मोडते? कामात लक्ष लागतं? जेवण बेचव लागतं? घरच्यांवर खेकसता का?" खेकसण्याचा आणि नाकाचा काय संबंध, असं मी मनात म्हणायचे. पण नवऱ्याच्या खेकसण्यानं पिचलेल्या बायका तिच्यासाठी त्या बाकावर तास तास थांबायच्या. माझ्यासाठी एवढं कुणी थांबलेलं मला आठवत नाही.

गच्चीवर ती काचपट्ट्यांना व्हॅसलीन फासून ठेवायची, वाऱ्यावर येणारे परागकण त्यावर चिकटायचे. गणपती उठले की मोकळ्या प्लॉटांवर गाजर गवत पांढरं फुलतं. त्या दिवसांत ती पट्टी घेऊन माझ्या खोलीत यायची. "नीला, आले बघ." असं सांगायची की जणू माहेरची माणसं आलीत. त्र्यंबक रोडला लूना बाजूला लावून, तोंडाला रुमाल बांधून गाजर गवत उपटताना तिला निम्म्या नाशकानं पाहिलंय. मी तिच्या शेजारून गाडीनं गेले आहे आणि काच वर केली आहे.

एक खोड मात्र तिची भलतीच होती. तिच्या खोलीच्या कोपऱ्यात विजेची शेगडी होती. तीवर ती चहासाठी दूध ठेवायची. दूध उतू जायचं, जळायचं, सगळा मजला करपट वासानं भरायचा. मी नाकाला पदर लावून धावत जावं, तर ही शेगडीपासून हातभर अंतरावर मायक्रोस्कोपमध्ये डोकं घालून बसलेली. "अगं, जळलं ना दूध." "हो का?" म्हणायची आणि सावकाश उठायची. मला वाटायचं, काय हे सोंग. विदुषीनं विसराळू असायलाच हवं, नाही का.

मालेगावच्या दोघा भावांची गोष्ट तर आमच्या सगळ्या वर्तुळात गाजली. दोघेही यंत्रमागावर काम करायचे. ते आधी माझ्याकडेच आले होते, हे कुणी सांगत नाही. थोरल्याच्या रक्तात ॲलर्जीची प्रतिपिंडं धाकट्याच्या कितीतरी पट, हातावर टोचून करायच्या चाचणीत उठलेली गांधही मोठी. पण थोरला सकाळी दोन-चार शिंका देऊन कामाला लागायचा, आणि धाकट्याला नाक बंद होऊन धड झोपता येत नव्हतं. मी रिपोर्ट बघून थोरल्याला जास्त जपायला सांगितलं होतं. तेव्हा सगळेच आकड्यावर चालायचे. धाकटा तिथून उठला तो भावाला घेऊन समोर जाऊन बसला.

कुमुदचं दार कायम उघडं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. धाकटा चिडलेलाच होता. म्हणाला, "बाई, लूम एक, कापूस एक, घर एक. फिर मेरेकोच क्यों?"

कुमुदनं विचारलं, "तुमच्या गल्लीत भांडणं होतात ना?"

"रोज."

"कशावरून?"

"कुछ भी. सायकलचा धक्का लागला तरी."

"धक्का सगळ्यांनाच लागतो. मग एखादं भांडण तिथल्या तिथे मिटतं आणि एखाद्यात सगळी गल्ली उतरते, असं का?" त्यानं भावाकडे बघितलं. कुमुद म्हणाली, "निरोप नेणाऱ्यांमुळे. एकजण पळत जाऊन सांगतो, तुझ्या भावाला मारलं. दुसरा जाऊन आणखी पोरं गोळा करतो. आणि एखादा म्हातारा मधे पडतो, म्हणतो जाऊ द्या, घरी चला. नाकातही असंच चालतं. कापसाचा कण म्हणजे नुसता धक्का. ही प्रतिपिंडं म्हणजे भांडायला तयार बसलेली माणसं. ती तुमच्या भावाकडे जास्त आहेत, खरं आहे. पण त्याच्याकडे मधे पडणारे म्हातारेही आहेत. तुमच्याकडे काडी लावणारेच फार."

थोरला मोठ्यानं हसला. "ये तो बचपनसे ऐसाच है," म्हणाला. धाकटाही हसला, आणि औषध कसं घ्यायचं ते नीट विचारून घेऊन गेला.

या काडी लावणाऱ्यांना आमच्या पुस्तकात इंटरल्युकिन म्हणतात. एका पेशीनं दुसरीला निरोप धाडायची ही प्रथिनं, त्यांना नंबर दिलेले आहेत. चार आणि तेरा नंबरची प्रथिनं शरीराला ती प्रतिपिंडं बनवायला लावतात. पाच नंबरचं इओसिनोफिल नावाच्या पेशींना बोलावून आणतं, आणि त्या येऊन नाकाच्या अस्तराची वाट लावतात. दहा नंबरचं शांत करणाऱ्यांतलं. कुणाची सर्दी किती विकोपाला जाणार, हे पुष्कळसं या निरोपांवर असतं. हे सगळं मलाही ठाऊक होतं. जर्नल माझ्याकडेही यायची. पण मला तो म्हातारा सुचला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात देवळाली कॅम्पहून एका सुभेदारांच्या पत्नी आल्या, त्यांना मी हीच गोष्ट सांगून पाहिली. गल्ली, भांडण, काडी लावणारे, सगळं. बाई ऐकता ऐकता गंभीर झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, आमच्या शेजारणीनं तुम्हाला काही सांगितलंय का?" मी चिठ्ठी लिहिली आणि घंटी वाजवली.

इथवर ठीक होतं. पेशंट गेले तर गेले, आणखी येतात. पण मग मुक्ताची वेळ आली.

मुक्ता माझी एकुलती एक. दुसरी-तिसरीत असल्यापासून नवरात्र लागलं की तिचं नाक गळायला लागायचं. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, डोळ्यांखाली काळं, नाक तळव्यानं वर चोळून चोळून त्यावर आडवी रेघ उमटलेली. जेवणाची चव नाही, कशाचा वास नाही. नाकाच्या डॉक्टरणीची पोरगी शेंबडी, हे शाळेच्या गॅदरिंगला दोघी आया माझ्या मागच्या रांगेत बोलल्या, ते मी ऐकलं. माझ्या सरांच्या हातून तिचे ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, काढून घेतले. घोरणं थांबलं, शिंका तशाच. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. तिनं दोन दिवस मारला, "काही होत नाही" म्हणाली आणि बाटली दप्तराच्या तळाशी गेली.

माझे यजमान श्रीकांत बँकेत. घरात बोलणं बेताचं. एक दिवस जेवताना म्हणाले, "नीला, समोर कुमुदला एकदा दाखवू या का?"

मी भाताचं पातेलं खाली आदळलं. म्हटलं, "माझी मुलगी मी बरी करीन."

"अगं, पण होत नाहीये," ते म्हणाले, आणि ताक ओतून घेतलं.

शेवटी नेलं. काय करणार, पोरगी रात्रभर तोंड उघडं टाकून झोपायची, ते बघवत नव्हतं. कुमुदनं हातावरच्या चाचणीची तारीख दिली आणि आधीचा आठवडा सर्दीची एकही गोळी द्यायची नाही म्हणून बजावलं. त्या गोळीनं चाचणी खोटी येते, हे मला काय तिनं सांगायला हवं होतं? पण डॉक्टरांच्या घरात सॅम्पलच्या गोळ्या बडीशेपेसारख्या इकडेतिकडे पडलेल्या असतात. आदल्या संध्याकाळी पोरीची दया येऊन श्रीकांतनी फ्रिजवरच्या वाटीतली एक उचलून तिला दिली. मला पत्ता नाही.

कुमुदनं मुक्ताच्या हातावर थेंब मांडले, प्रत्येकावर सुईनं टोचलं. गवत, धूळ, बुरशी, आणि एक थेंब खुद्द हिस्टामिनचा. हा कुणाच्याही हातावर फुगायलाच हवा, चाचणी खरी की खोटी ते त्यावरून कळतं. आम्ही वाट बघत बसलो. एकही गांध उठली नाही. मी तर खूश झाले, म्हटलं, "बघ, कशाचीच ॲलर्जी नाही." कुमुद हिस्टामिनच्या जागेकडे बघत राहिली. मग मीही बघितलं. तीही जागा सपाट होती.

दुसरं कुणी असतं तर तिथल्या तिथे मला धरलं असतं. मी तिच्या जागी असते तर नक्की धरलं असतं. कुमुद मुक्ताला म्हणाली, "तुझा हात आज झोपलाय गं. परत ये, मग उठवू." माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. त्या न बघण्यानं माझा असा तिळपापड झाला की श्रीकांतशी मी आठवडाभर बोलले नाही.

दुसऱ्या खेपेला हात उठला. गाजर गवत, आणि गाद्या-उशांच्या धुळीतले किडे. आणि औषध काय दिलं असेल बाईनं? तोच फवारा. तीच कंपनी, तीच बाटली, माझ्या कपाटात पडलेली. फक्त तिनं मुक्ताला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "हे बघ, आज मारला तर आज काही होणार नाही. उद्याही नाही. गोळी म्हणजे मारामारी झाल्यावरची पट्टी. हा फवारा काडी लावणाऱ्यांची तोंडं बंद करतो, आणि ती काही एका दिवसात बंद होत नाहीत. तुला धीर आहे का?"

"आहे," मुक्ता म्हणाली.

मी तिला सांगितलं होतं, रोज मार, विसरू नकोस. धीर आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. पोरगी दात घासल्यासारखी रोज सकाळी फवारा मारायला लागली, आणि मी स्वयंपाकघरातून तो फुस्स आवाज ऐकत उभी राहायचे. औषध माझंच, गुण मात्र तिच्या हाताला.

पुढे एका दुपारी मी पेशंट बघत होते. जिन्यात धावती पावलं ऐकू आली, मुक्ताची, मला ती झोपेतही ओळखू येतात. माझ्या उघड्या दारावरून ती तशीच पुढे पळाली आणि समोर शिरली. "मावशी, मला वास आला."

"कसला गं?"

"खाली गाडीवर पेरू कापत होते."

"कसा होता?"

"गोड."

"नुसता गोड? नीट सांग ना." कुमुदनं मायक्रोस्कोपवर कापड घातलं आणि हनुवटीला हात लावून ऐकायला बसली. मुक्ता विचार करकरून सांगत होती, थोडा आंबट, थोडा पानासारखा, थोडा मिठासारखा. "बरं, आणि?" कुमुद म्हणत होती. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. समोरचा पेशंट आ वासून बसला होता. मी परत बसले.

तेव्हापासून ते त्यांचं रोजचंच झालं. शाळा सुटली की मुक्ता आधी समोर. आज ओल्या डस्टरचा वास आला, आज बाईंच्या पावडरचा, सहलीला त्र्यंबकेश्वरला कुंडाजवळ कुजलेल्या फुलांचा, मावशीच्या माहेरच्या बागेत गंधक मारलेल्या द्राक्षांचा. तासभर ते चालायचं. मी घरी विचारलं, "काय गं, काय झालं शाळेत?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही."

एकदा मला राहवलं नाही. मुक्ता तेव्हा आठवीत असेल. म्हटलं, "तिच्यापाशी जाऊन वासांच्या कसल्या गप्पा मारतेस गं रोज?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, मावशीला वासच येत नाही. तुला माहीत नाही?"

मी नाकाची डॉक्टर, इतकी वर्षं समोर बसलेली. ते जळकं दूध, तो शांत चेहरा, सगळं तेव्हा कळलं. मी तशीच कुमुदकडे गेले आणि विचारलं. तिनं लपवलं नाही. "कॉलेजात होते तेव्हापासून नाय," ती म्हणाली. "फवारे झाले, गोळ्या झाल्या. माझ्यातले काडी लावणारे ऐकत नाहीत, नीला. बाकी सगळ्यांना मी सांगते तोंडं बंद होतील म्हणून. माझीच होत नाहीत, हे कुणाला सांगू?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ताई ताई म्हणून जग जिच्या पायाशी, तिचंही काहीतरी अडलेलं होतं. पण ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतच टिकलं. मुक्ता शिकवणीहून आली ती समोर, आणि तिला भेळेचा वास सांगायला लागली. म्हणजे हिचं दुखणंसुद्धा माझ्याच मुलीला हिच्याकडे ओढून नेत होतं.

मुक्ता पुढे पुण्याला मेडिकलला गेली. मी मनात सगळं आखून ठेवलं होतं, माझी हत्यारं, माझी खुर्ची, माझ्यानंतर ती. सुट्टीत आली की बॅग घरात टाकायची आणि कुमुदकडे. तिसऱ्या वर्षाला असताना मला म्हणाली, "आई, मला सर्जन नाही व्हायचं. मला ते निरोप शिकायचेत, मावशी सांगते ते. कुणाचे थांबतात आणि कुणाचे थांबत नाहीत, ते." मी म्हटलं, शीक. दुसरं काय म्हणणार. त्या दिवशी मी पॅसेजमधला बाक हलवून माझ्या भिंतीला लावून घेतला.

आणि मग एका सकाळी कुमुद त्याच बाकावर, पेशंटांत नंबर लावून बसलेली. मुक्तानं फोनवरून तिचा पिच्छा पुरवला होता. तिचं नाक पॉलिपांनी गच्च भरलं होतं, सोललेल्या द्राक्षांसारखे मणीच मणी. वास तर नव्हताच, आता श्वासही कोंडायला लागला होता. खुर्चीत बसून म्हणाली, "नीला, तूच काढ. तुझ्याइतका हलका हात नाशकात कुणाचा नाय."

हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी आयुष्यभर थांबले होते, आणि म्हणून म्हणून म्हणाली कोण, तर ही. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आ कर." नाक बघायचं होतं.

दुर्बिणीतून मी तिचं ऑपरेशन केलं. तितकं जपून मी कुणाचंच केलं नसेल. काही तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर बरंचसं तिला दाखवण्यासाठी. हे मणी परत येतात, हे आम्ही दोघी जाणून होतो. मणी मला काढता येत होते, निरोप नाही. "मिळेल तेवढं मिळेल," ती म्हणाली होती.

त्या वर्षाच्या अखेरीला तिनं दवाखाना आवरला आणि भावाकडे दिंडोरीला राहायला गेली. नंतर लग्नाकार्यात ओझरतं दिसण्यापलीकडे काही भेट झाली नाही. त्यामुळे माझ्या मनात ती राहिली आहे ती ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, शेवटच्या तपासणीला माझ्या खुर्चीत बसलेली. दुपार होती. मुक्ता सुट्टीला आली होती आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसली होती. मी दुर्बीण घालून पाहिलं, अस्तर स्वच्छ, गुलाबी. कॉफीची बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली.

तिनं हुंगलं, बाटली स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा हुंगलं. मग म्हणाली, "आला."

मुक्तानं पिशवी भरून सामान आणलं होतं. धणे, कापूर, लिंबाचं पान, साबणाची वडी, पेरू. एकेक धरायची आणि कुमुद डोळे मिटून हुंगायची. पेरूला ती हसली. "याचं तू कमीच सांगितलं होतंस." मुक्ताही हसत होती. पिशवी संपली. मुक्ता खाली वाकून सगळं परत भरायला लागली, आणि कुमुदनं हात पुढे करून तिचं डोकं धरलं, जवळ ओढलं आणि तिच्या केसांत, भांगाच्या वर, नाक खुपसलं.

"हा नव्हतास सांगितला," ती म्हणाली.

"स्वतःचा कसा कळणार, मावशी?" मुक्ता म्हणाली आणि डोकं तसंच ठेवून राहिली.

तो वास मला ठाऊक होता. तेल असो, शांपू असो, त्याच्या खाली तो असतोच, ती जन्मली त्या दिवसापासून. पेशंट, नाव, माझी मुलगी, सगळं कुमुदकडे गेलं होतं. हा तेवढा फक्त माझा होता, आणि माझ्याच हातानं मी तो तिला मिळवून दिला होता. कुमुदनं मान वर न करता मला विचारलं, "नीला, तुला हा एवढी वर्षं येतोय?"

"हो," मी म्हटलं. तिनं पुन्हा खोल श्वास घेतला. मी दुर्बीण पुसून ठेवली. मग पुढे होऊन मुक्ताला खांद्याला धरून बाजूला केलं आणि म्हटलं, "पुरे आता. जखम अजून ओली आहे."

जखम केव्हाच भरली होती.